गवत एकाचे, गटार दुसऱ्याचे

देखभालीची कामे ठेकेदाराला द्यावीत की नाही, हा वाद आता जुना झाला. खरी गोम करारात काय लिहिले आहे यात असते. गवत कापण्याचे पैसे चौरस मीटरवर मिळतात, म्हणून ठेकेदार गवत कापतो आणि तिथेच टाकून जातो. पहिल्या पावसात ते वाहत जाऊन गटाराच्या जाळीवर बसते. गटारसफाईचा ठेका दुसऱ्याचा! दोघांचीही बिले निघतात, कारण कागदावर दोघांचेही काम चोख. पाणी मात्र रस्त्यावर.

ब्रिटनने १९८८ च्या कायद्याने रस्तेसफाई, कचरा उचलणे, बागांची निगा अशा कामांसाठी स्पर्धात्मक निविदा सक्तीच्या केल्या. २००० मध्ये ती सक्ती जाऊन खर्चाबरोबर दर्जाही पाहणारी पद्धत आली.

कमी दराला कोणाची हरकत नाही. पण निविदेत स्वतःलाच न परवडणारा कमी दर भरणारा ठेकेदार तोटा कुठून भरून काढणार? मजूर कमी करून, नाहीतर फेऱ्या गाळून. ठेकेदाराची अनामत रक्कम परत करण्याआधी जागेवर जाऊन जाळी उचलून पाहणारा अभियंता हवा. तोही कंत्राटी नसला म्हणजे मिळवली.

– एक करदाता