मकेमींचा वारस तपास

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, "परक्यांची वंशावळ कशाला उकरत बसतेस?" असं तुम्ही फोनवर विचारलंत. तेव्हा मी हसण्यावारी नेलं. आता सविस्तर सांगते.

इथे अमेरिकेत माझ्या शेजारच्या आजी ठामपणे सांगायच्या, आमचं घराणं फ्रान्सिस मकेमींचं. प्रेस्बिटेरियन हा ख्रिस्ती धर्मातला एक प्रोटेस्टंट पंथ, त्याच्या अमेरिकेतल्या चर्चचे हे मूळपुरुष. आपल्या मिरजेचं वॉनलेस हॉस्पिटल याच पंथाच्या मिशनने सुरू केलेलं, त्यामुळे मलाही कुतूहल वाटलं. आजींना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून मकेमींविषयी वाचायचं काम माझ्याकडे आलं.

मकेमी आयर्लंडमधल्या डोनेगलचे. १६७६ साली ग्लासगो विद्यापीठाच्या नोंदवहीत त्यांचं नाव लॅटिनमध्ये असं आहे: 'फ्रान्सिस्कस मकेमियस, स्कोटो-हायबर्नस'. म्हणजे आयर्लंडचा स्कॉट. इकडे येण्याआधीच माणूस दोन देशांचा होता! १६८३मध्ये ते इथे मेरीलँडच्या किनाऱ्यावर आले. धर्मकार्याच्या जोडीला बार्बाडोसशी व्यापार. व्हर्जिनियातल्या एका सधन व्यापाऱ्याची मुलगी, नेओमी अँडरसन, त्यांची बायको. पुढे सासऱ्यांची जमीन मिळाली. पदरी गुलामही होते. ते वाचलं तेव्हा आजी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "गाळू नकोस, वाच."

१७०७चा किस्सा मात्र त्यांना तोंडपाठ. न्यूयॉर्कमध्ये एकाच्या घरी प्रवचन दिलं म्हणून गव्हर्नर लॉर्ड कॉर्नबरीने मकेमींना तुरुंगात टाकलं, का तर परवाना नाही. जूनमध्ये ज्यूरीने निर्दोष सोडलं, पण खटल्याचा ८३ पौंडांच्या वरचा खर्च त्यांच्याच माथी मारला. बाबा, असा हुकूम तुम्ही उभ्या नोकरीत पाहिलात का?

१७०८मध्ये मकेमी वारले. वारस दोन मुली, एलिझाबेथ आणि अ‍ॅन. एलिझाबेथ वडिलांमागे लगेचच गेली. अ‍ॅनची लग्नं तीन झाली, मूल एकही नाही. १७८८मध्ये ती गेली आणि वंश खुंटला. मी घाबरतच सांगितलं. आजी खो-खो हसल्या. "म्हणजे आमच्या पणजोबांनी थाप मारली!"

मला ही अ‍ॅन फार आवडली. तेव्हा बायकांना मत नव्हतं आणि पुरुषांनाही जमीन असेल तरच. तिने दोघांच्या नावे जमीन करून दिली, ती अमेरिकेच्या स्वातंत्र्याची बाजू घेणाऱ्यांना त्यांनी मत द्यावं म्हणून.

त्या रात्री आपली वंशावळ उघडली, त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यांच्या वहीवरून तुम्ही उतरवून पाठवलेली. सात पिढ्या, सगळे बाप्ये. आत्या नाही, मी नाही. बाबा, तुम्ही तलाठी असताना भाऊ लोक चहा पाजून "बहिणींची नावं गाळा" म्हणायचे, आणि तुम्ही चहा पिऊन नावं घालायचात! मग घरच्या कागदावर हे कसं निसटलं? रागावून लिहीत नाहीये. तुम्ही उतारा जसाच्या तसा घेणार, हे मला ठाऊक आहे. पण आता फेरफार घाला. आत्याची तिन्ही मुलं जन्मसालासकट पाहिजेत.

आणि आई, तुझ्या आजीचं माहेरचं नाव तुला आठवतं का? बाबांना विचारू नकोस, त्यांना माहीत नसणार.

तुमची,
चिमी