रस्त्यापलीकडच्या घरातली आरोळी

नॅकडोचिस, टेक्सास
८ डिसेंबर २०१९

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार, वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांनी विचारले, "तुमच्या विद्यापीठाने कोणाला तरी हरवले म्हणे, त्याचे एवढे काय?" मी सांगू लागले, तेवढ्यात तुमच्याकडे दाराची बेल वाजली, आई सुटे पैसे शोधायला उठली आणि विषय तिथेच राहिला. तसा तो फोनवर पुरा होणाराही नव्हता. आज सुट्टी आहे, बाहेर बारीक पाऊस लागला आहे, म्हणून सगळे पहिल्यापासून लिहिते. आईला बास्केटबॉलमध्ये गोडी नाही हे मला ठाऊक आहे. तिने मधला खेळाचा भाग गाळून थेट शेजारच्या आजींच्या स्वयंपाकघरात यावे, माझी हरकत नाही.

सामना झाला २६ नोव्हेंबरला, मंगळवारी रात्री. आमच्या स्टीफन एफ. ऑस्टिन विद्यापीठाचा संघ, ज्याला इथे सगळे 'लंबरजॅक्स' म्हणजे लाकूडतोडे म्हणतात, इथून साधारण पंधराशे किलोमीटरवर नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅम गावी, ड्यूक विद्यापीठाच्या घरी खेळायला गेला होता. बाबा, आपल्या रणजी क्रिकेटमध्ये एके काळी मुंबईचे जे स्थान होते, ते इथल्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये ड्यूकचे आहे, असे समजा. माइक शशेव्हस्की नावाचे त्यांचे प्रशिक्षक १९८० पासून तिथे आहेत आणि त्यांनी संघाला पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद मिळवून दिले आहे. त्या आठवड्यात तर ड्यूक देशात पहिल्या क्रमांकावर होता. त्यांचे कॅमेरॉन नावाचे बंदिस्त मैदान जुने आहे आणि मानाने लहान, जेमतेम ९,३१४ माणसांचे. पण विद्यार्थ्यांना जागा अगदी मैदानाच्या कडेला दिलेली असते आणि ते सामनाभर उभे राहून, तोंडे निळी रंगवून असा काही गलका करतात की सीमारेषेवरून चेंडू आत टाकणाऱ्या पाहुण्या खेळाडूच्या कानाशी त्यांची बोटे नाचत असतात. इथे विद्यापीठांचे गट पाडलेले असतात; आपल्या गटाबाहेरच्या कोणत्याही संघाकडून ड्यूक या मैदानावर फेब्रुवारी २००० नंतर हरलेला नव्हता. ओळीने १५० विजय. मी शिशुवर्गात होते, तेव्हापासून.

मग आमचा संघ तिथे कशासाठी गेला होता, असे तुम्ही विचाराल. इथली ही रीत ऐकून बाबांना हसू येईल. खऱ्या चुरशीचे गटसामने सुरू होण्याआधी, नोव्हेंबर-डिसेंबरात, मोठ्या विद्यापीठांना घरच्या प्रेक्षकांसमोर काही सोपे सामने हवे असतात आणि लहान विद्यापीठांना हवे असतात पैसे. म्हणून मोठे विद्यापीठ लहानाला ठरलेली रक्कम देऊन आपल्या घरी खेळायला बोलावते. लहानांनी यावे, बहुधा मोठ्या फरकाने हरावे आणि धनादेश घेऊन परतावे, असा हा व्यवहार असतो. जत्रेतल्या कुस्तीत इनाम पाडणाऱ्याला मिळते, इथे पडणाऱ्याचे मानधन आधीच ठरलेले असते. आम्हाला ड्यूककडून ८५,००० डॉलर मिळायचे होते, म्हणजे सुमारे साठ लाख रुपये. यात कोणी अपमान मानत नाही, कारण लहान विद्यापीठाच्या क्रीडाखात्याचा संसार अशाच पैशांवर चालतो. सट्टेबाजांचा अंदाज होता की ड्यूक सत्तावीस-अठ्ठावीस गुणांनी जिंकेल, आणि खरे सांगायचे तर आमच्याकडेही कोणाचा त्याला आक्षेप नव्हता.

त्या आठवड्यात थँक्सगिव्हिंगचा सण होता, त्यामुळे मुलेमुली घरोघरी गेली होती, वसतिगृहांच्या खिडक्या अंधाऱ्या होत्या आणि आमच्या वनशास्त्र विभागात मी आणि पहारेकरी असे दोघेच उरलो होतो. शेजारच्या आजींनी मला हाक मारली. (त्यांचे यजमान लाकडाच्या गिरणीत होते, हे मी मागे लिहिले होते.) सणाच्या पाईसाठी, म्हणजे सारण भरून भाजलेल्या गोड पदार्थासाठी, पेकान सोलायचे होते. पेकान म्हणजे अक्रोडाचा लांबुडका भाऊ. आजींच्या परसात त्याचे झाड आहे. आई, तुझ्या सुपारीच्या अडकित्त्यासारखाच, पण दोन दात्यांचा एक चिमटा असतो, त्यात फळ धरून दाबायचे आणि गर अखंड निघाला तर वाडग्यात, तुटला तर तोंडात टाकायचा. आजींचे अखंड निघत होते, माझे तोंडात जात होते. मेजावर माझा लॅपटॉप उघडा ठेवून आम्ही सामना लावला होता. आजी जांभळा स्वेटर घालून बसल्या होत्या, कारण विद्यापीठाचा रंग जांभळा. त्या गेली तीस वर्षे इथल्या घरच्या सामन्यांना जातात. त्या एवढेच म्हणाल्या, "पंधराच्या आत हरलो, तरी मी उद्या मान वर करून बाजारात जाईन."

खेळाचे थोडक्यात सांगते. वीस-वीस मिनिटांची दोन सत्रे असतात आणि बरोबरी झाली तर पाच मिनिटे जादा मिळतात. मध्यंतराला ड्यूक पुढे होता, पण फरक थोडाच होता, आणि तिथेच आजींचा चिमटा पहिल्यांदा थांबला. आमची मुले लांबून नेम धरत बसली नाहीत. ती पुन्हा पुन्हा गर्दीत घुसून बास्केटच्या अगदी खालून गुण काढत होती, आणि बचावात समोरच्याला श्वास घेऊ न देता त्याच्या हातातून चेंडू हिसकावत होती. ड्यूकच्या त्या नावाजलेल्या पोरांच्या हातून चेंडू असा निसटत होता, जणू कोणी त्याला तेल लावले आहे. केव्हॉन हॅरिसने आमच्याकडून सर्वाधिक २६ गुण केले. दुसरे सत्र संपले तेव्हा फलकावर ८१-८१ होते. आजी उठल्या, त्यांनी भट्टीचा विस्तव बंद केला आणि त्या पुन्हा येऊन बसल्या. पाईचे पीठ तसेच ओट्यावर राहिले.

आता जे झाले, त्यासाठीच हे पत्र लिहिते आहे. लॅपटॉपवर चित्र इंटरनेटवरून येते, ते प्रत्यक्षाच्या काही सेकंद मागे असते. जादा वेळ संपत आली होती, ८३-८३ अशी बरोबरी होती, आमच्या पडद्यावर चेंडू ड्यूकच्या हातात होता आणि शेवटचा फटका त्यांचाच असणार होता. आजींनी चिमट्यात एक पेकान धरलेला होता, पण दाबला नव्हता. तेवढ्यात रस्त्यापलीकडच्या घरातून आरोळी उठली. शब्द नव्हते, नुसता आवाज होता, एका पुरुषाचा आणि पाठोपाठ पोरांचा. आम्ही एकमेकींकडे पाहिले. पडद्यावर अजून काहीच झालेले नव्हते. ड्यूकचा खेळाडू निवांत चेंडू आपटत होता, निळी तोंडे किंचाळत होती, आणि आम्हा दोघींना मात्र ते पुढे हरणार हे कळून चुकले होते. मग चेंडू सुटला, सगळे जमिनीवर झेपावले, त्या ढिगाऱ्यातून तो आमच्या माणसाने ओढून पुढे फेकला आणि नेथन बेन नावाचा आमचा खेळाडू तो घेऊन एकटा धावत सुटला. अख्खे मैदान पार करून त्याने चेंडू जाळ्यात टाकला आणि त्याच क्षणी घड्याळ शून्यावर आले. पंचांनी चित्रफीत पुन्हा पाहून खात्री करून घेतली. ८५-८३. आजींच्या चिमट्यातल्या पेकानचा भुगा झाला होता आणि त्या माझा हात धरून, "पाहिलंस? पाहिलंस?" असे विचारत होत्या, जणू मी दुसरीकडे कुठे बसले होते.

बाबा, त्यानंतर मला तुमची आठवण झाली. आमच्या रस्त्यावर मोटारींचे भोंगे वाजत होते, कोणीतरी भांडे बडवत होते. पण लॅपटॉपच्या पडद्यावर ती नऊ हजार माणसे गप्प होती. काहींचे हात डोक्यावर तसेच राहिले होते. जांभळ्या शर्टातले ओंजळभर लोक आपल्या खेळाडूंच्या बाकामागे उड्या मारत होते आणि बाकीचे सगळे त्यांच्याकडे पाहतही नव्हते. मे १९९१ च्या रणजी अंतिम सामन्याची गोष्ट मी आईकडून किती वेळा ऐकली आहे. वानखेडेवर मुंबई ३५५ धावांचा पाठलाग करताना ३५२ वर आटोपली आणि हरियाणा दोन धावांनी जिंकला. तेंडुलकरांच्या ९६ धावा वाया गेल्या आणि १३९ वर नाबाद राहिलेले वेंगसरकर मैदानातच रडले. तुम्ही त्या दिवशी रजा टाकून गेला होता. रात्री ताट तसेच परत आले आणि दुसऱ्या दिवशीही तुम्ही कोणाशी बोलला नाहीत, असे आई हसत सांगते. मीही आजवर हसतच ऐकत आले. त्या रात्री मी जिंकलेल्यांच्या घरात बसून हरलेल्यांची तोंडे पाहिली, आणि प्रथमच त्या गोष्टीत मला तुम्ही दिसलात. तोवर त्यात मला फक्त ते ताट दिसत असे.

आमच्या गावातल्या प्रतिक्रियांविषयी लिहायचे तर त्या एकसारख्या मुळीच नव्हत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी किराणा दुकानात क्रॅनबेरीच्या ढिगाजवळ एक गृहस्थ भेटेल त्याला सांगत होते की, आम्हाला हरवण्यासाठी त्यांनी ८५,००० डॉलर मोजले आणि आम्ही पावतीसुद्धा दिली नाही. हा विनोद मी त्या दिवसात निदान सहा जणांकडून ऐकला. गल्ल्यावरच्या बाई मध्यंतराला झोपी गेल्या होत्या आणि घरातल्या कोणी उठवले नाही म्हणून सगळ्यांवर रुसलेल्या होत्या. माझे मार्गदर्शक प्राध्यापक मात्र लोकांच्या आश्चर्यावरच चिडले होते. त्यांचे म्हणणे असे की २०१४ मध्ये आपण राष्ट्रीय स्पर्धेत व्हर्जिनिया कॉमनवेल्थला हरवले, २०१६ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाला १४ गुणांनी लोळवले, तरी दर वेळी जगाला आपला शोध नव्याने लागतो. मला त्यांचे पटते, पण पूर्ण नाही. ते दोन्ही सामने तिसऱ्याच गावी झाले होते. एखाद्याच्या घरी जाऊन, त्याच्याच पैशाने, त्याच्याच माणसांदेखत त्याला हरवणे ही चीज निराळी आहे. ड्यूकच्या प्रशिक्षकांनी सामन्यानंतर आमच्या मुलांचे मोकळेपणाने कौतुक केले, तेही इथे पुष्कळांना भावले. दूरचित्रवाणीवरचे निवेदक गावाचे नाव अडखळत उच्चारत होते, त्याचाही लोकांना आनंदच झाला. बाबा, तुम्ही पाकिटावर 'नॅकॉगडोचेस' लिहिता, त्यातला ग लिहायचा असतो, बोलायचा नसतो.

आणि आता नेथन बेनविषयी, कारण आईला हे आवडेल. तो बहामा बेटांतल्या फ्रीपोर्टचा. सप्टेंबरच्या सुरुवातीला डोरियन चक्रीवादळ त्या बेटावर येऊन जवळजवळ एका जागी थांबले, एक दिवसाहून अधिक वेळ. त्यात त्याचे घर गेले आणि त्याचे वडील जिथे पाद्री आहेत, त्या चर्चचेही मोठे नुकसान झाले. विद्यापीठाने तेव्हाच त्याच्या कुटुंबासाठी मदतनिधी सुरू केला होता, पण त्यात फारसे काही जमले नव्हते. सामना संपताच मैदानावर त्याच्यापुढे ध्वनिक्षेपक धरला गेला तेव्हा घरच्यांचे नाव निघाले आणि त्याचा गळा दाटून आला. त्या रात्रीपासून निधीत पैसे येऊ लागले ते थांबेनात. थोड्याच दिवसांत रक्कम लाख डॉलरांच्या पुढे गेली. देणाऱ्यांत ड्यूकचे चाहतेही आहेत. आजींनी माझ्याकडून पंचवीस डॉलर भरून घेतले, कारण त्यांना संगणकावर कार्डाचा क्रमांक घालायची भीती वाटते, आणि मला रोख देताना त्या पुटपुटल्या की पोरगा सप्टेंबरपासून इथेच होता, आपल्याला मात्र चेंडू जाळ्यात पडल्यावर दिसला. मी काही बोलले नाही. मीही सप्टेंबरमध्ये काही दिले नव्हते.

पाई शेवटी बुधवारी झाली आणि उत्तम झाली. चुरा झालेले पेकान वरून भुरभुरले होते. कृती आईला वेगळ्या कागदावर पाठवते, फक्त पेकानऐवजी अक्रोड घे आणि गूळ जरा कमी घाल.

बाबा, एक विचारायचे राहिले. वानखेडेवर त्या दिवशी हरियाणाच्या बाजूने आलेले कोणी होते का? तुम्ही त्यांच्याविषयी कधीच बोलला नाहीत. दहा-वीस माणसे तरी असतील, कुठल्या तरी कोपऱ्यात, आणि शेवटचा गडी बाद झाल्यावर ती ओरडली असतील. तुम्हाला तो आवाज ऐकू आला होता का, हे पुढच्या पत्रात लिहा.

तुमची,
मनू