मा. कामगार मंत्र्यांना खुले पत्र : बापाला पंधरा दिवस द्या

प्रति,
मा. कामगार मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई – ४०० ०३२

विषय : खासगी नोकरीतल्या नव्या बापांना पगारी पितृत्व रजा मिळण्याबाबत.

महोदय,

स. न. वि. वि.

महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, २०१७ आपल्या खात्याकडे आहे. हिंजवडीतल्या आयटी कंपन्या, मॉलमधली दुकानं, हॉटेलं, खासगी ऑफिसं असा मोठा पसारा त्याच्याखाली येतो. त्यातलं रजांचं कलम एकदा नजरेखालून घालावं ही विनंती. वर्षाला आठ नैमित्तिक रजा. त्या तिमाही-तिमाहीने जमा होणार आणि वर्षअखेर उरल्या तर बुडणार. वर्षात २४० दिवस भरले तर दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा. शिवाय आठ सणावाराच्या सुट्ट्या. घरात मूल जन्माला आलं तर बापाने काय करायचं, याबद्दल अवाक्षर नाही.

म्हणजे फेब्रुवारीत बायको बाळंत झाली तर नवऱ्याच्या खात्यावर दोन नैमित्तिक रजा. साठलेली रजा असेल म्हणावं, तर बाप होण्याचं वय आणि नोकरी बदलण्याचं वय एकच असतं. सहा महिन्यांपूर्वी नवीन ठिकाणी लागलेल्या पोराकडे कुठून येणार साठवण? ठेकेदाराकडच्या माणसाला तर रजा मागायचीच सोय नाही. गेला नाही की खाडा, आणि खाडे वाढले की मस्टरवरचं नाव गेलं.

मी पिंपरी-चिंचवडमध्ये राहतो, एका खासगी ऑफिसात हिशेबाचं काम करतो, आणि सध्या एका दात येणाऱ्या मुलीचा बाप आहे. आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये रात्री दहानंतर एक बैठक जमते. खांद्यावर दुपट्यात गुंडाळलेलं बाळ घेऊन चार-पाच बाप गाड्यांच्या मधल्या पट्ट्यात फेऱ्या मारत असतात. वर बायको तेवढा वेळ पाठ टेकते, किंवा गार झालेलं का होईना, जेवते. एक जण बँकेत आहे, एक हॉटेलच्या किचनमध्ये, एक जण घरोघर पार्सलं पोचवतो, एक चाकणला मशीनवर उभा असतो. वर्षभरापूर्वी आम्ही एकमेकांना लिफ्टमध्ये मान हलवण्यापुरते ओळखत होतो. आता कोणाच्या बाळाला शी होऊन किती दिवस झाले, हे सगळ्यांना ठाऊक असतं.

या बैठकीत काय बोलणं होतं ते आपल्यापर्यंत पोचावं म्हणून हे पत्र. हिरवी शी चालते का. ढेकर काढताना पाठ थोपटायची की नुसता खालून वर हात फिरवायचा. सहा आठवड्यांच्या लसीनंतर मांडी लाल झाली तर शेकायची का. (नाही. ओलं गार फडकं ठेवायचं. हे आम्हाला हॉटेलवाल्याने सांगितलं आणि त्याला नर्सने.) गुटी द्यावी असं आईचं मत, डॉक्टर म्हणतात सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही नको, मग घरी बाजू कोणाची घ्यायची. हा शेवटचा विषय निघाला की बैठक बारापर्यंत चालते.

आनंदही असतात, ते सांगायला लाजतात सगळे. मशीनवाल्याचा मुलगा दोन महिन्यांचा असताना त्याच्या शिट्टीकडे मान वळवून बघायला लागला, तर हा माणूस तीन दिवस भेटेल त्याला शिट्टी वाजवून दाखवत होता. पार्सलवाला पायांवर आडवं घेऊन बाळाला अंघोळ घालायला शिकला. एका हाताने मान धरायची, दुसऱ्या हाताने तांब्या, पाणी कानात जाऊ द्यायचं नाही, आणि सगळं उरकायचं बाळाला थंडी वाजायच्या आत. मालीशवाल्या मावशीने त्याला पहिल्यांदा बघून कपाळावर हात मारला होता. आता ती नाही आली तरी त्याचं अडत नाही.

पण त्याला हे जमलं कशामुळे? तो कोणाचाच नोकर नाही म्हणून. ॲप बंद ठेवलं, कमाई बुडवली, उसने पैसे घेतले आणि घरी राहिला. बाकीच्यांना ही चैनसुद्धा परवडली नाही. हॉटेलवाल्याने बाळ झाल्याचं सांगितलं तेव्हा मॅनेजरने पाठीवर थाप मारली, पेढे खाल्ले आणि म्हणाला, ‘उद्या ब्रेकफास्टला तूच आहेस ना?’ बायकोचं सिझेरियन झालेलं. पोटाला टाके असताना वाकून पाळण्यातलं बाळ उचलता येत नाही, कुशीवर वळायलाही आधार लागतो. रात्री दर दोन-तीन तासांनी पाजायचं असतं. घरात तिसरं माणूस नाही. हा पहाटे पाचला निघायच्या आधी बाळाला तिच्या कुशीत ठेवून जायचा. मग शेजारच्या काकू साडेनऊला डोकावेपर्यंत ती बाई बाळासकट तिथल्या तिथे, बाथरूमला जायचीसुद्धा पंचाईत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रात दर चार बाळंतपणांमागे एक सिझेरियन होतं, असं दिसलं आहे. तेव्हा ही एका हॉटेलवाल्याची गोष्ट समजू नये.

आपण म्हणाल, पहिलं बाळंतपण तर माहेरी होतं. होतं की. त्याचाही हिशेब ऐका. सातव्या महिन्यात डोहाळजेवण करून बायको माहेरी जाते आणि पुढे बाळ तीन-चार महिन्यांचं होईपर्यंत बाप हा शनिवारच्या रात्रीच्या बसचा प्रवासी असतो. रविवारी सासुरवाडीत त्याला पाट, रांगोळी, गोडधोड. बाळ कोणीतरी आणून मांडीवर ठेवतं, ते रडलं की कोणीतरी उचलून नेतं. रात्री परतीची बस, सोमवारी सकाळी थेट कामाच्या ठिकाणी. गावात आशाताई घरी येते ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. वजन करते, बेंबी बघते, कावीळ कशी ओळखायची, बाळ पीत नसेल, निपचित पडलं असेल तर कुठे धावायचं, ते समजावते. हे ऐकायला आई असते, आजी असते, मामी असते. बाप नसतो. आणि नंतर बाळ-बाळंतीण घरी आल्यावर त्याला काही येत नाही म्हणून सगळे हसतात.

केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयाच्या बायकांपैकी ४१ टक्के घरातल्यांची देखभाल करताना आढळल्या, पुरुषांपैकी २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायका दिवसाला १४० मिनिटं, पुरुष ७४. पुरुषांना नको असतं हे खरंच आहे, मी कोणाची वकिली करत नाही. पण ही वाटणी बाळाच्या पहिल्या पंधरवड्यात पक्की होते. तेव्हा ज्याने लंगोट बदलला त्याला पुढे कोणी सांगावं लागत नाही. ज्याने नाही बदलला तो पुढे ‘मला जमत नाही’ म्हणून सुटतो, आणि बायकोलाही तोवर शिकवत बसण्यापेक्षा स्वतः करणं सोपं वाटायला लागतं.

आक्षेप मला माहीत आहे. २०१६ मध्ये तेव्हाच्या केंद्रीय महिला व बालविकास मंत्री मनेका गांधी यांनीच म्हटलं होतं की पितृत्व रजा पुरुषांसाठी नुसती सुट्टीच होईल. खोटं कशाला बोलू, काहींच्या बाबतीत होईलही. पंधरा दिवस घरी बसून मोबाइल बघणारे निघतील, बारशाच्या निमित्ताने गोव्याला जाणारेही निघतील. पण नैमित्तिक रजा घेऊन क्रिकेटची मॅच बघणारे आहेत म्हणून ती रजा कोणी रद्द केलेली नाही. शिवाय केंद्राने स्वतःच्या कर्मचाऱ्यांवर तेवढा विश्वास दोन दशकांहून जास्त काळ टाकलेला आहे. केंद्रीय नागरी सेवेच्या रजा नियमांत ४३-अ हा नियम आहे : दोनपेक्षा कमी हयात मुलं असलेल्या पुरुषाला पंधरा दिवस भरपगारी पितृत्व रजा, प्रसूतीच्या पंधरा दिवस आधीपासून ते सहा महिन्यांच्या आत घेता येणारी, न घेतली तर गेली. त्यामुळे केंद्राचं कामकाज ठप्प झाल्याचं ऐकिवात नाही. सिक्कीमने २०२३ मध्ये आपल्या सरकारी कर्मचाऱ्यांना महिनाभराची दिली. शेजारच्या नेपाळने २०१७ च्या कामगार कायद्यात पंधरा दिवस घातले, तेही भरपगारी. नेपाळला परवडतं आणि महाराष्ट्राला परवडत नाही, असं आपणही म्हणणार नाही.

उलट आज जे चालू आहे त्याचा तोटा बायकांच्या नोकऱ्यांना होतो. केंद्राच्या प्रसूती लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीने प्रसूती रजा २६ आठवडे झाली, चांगलंच झालं. पण मूल झालं की रजेवर जाणार ती बाईच, हे मालकाच्या डोक्यात फिट बसलं. मुलाखतीत ‘लग्न कधी झालं?’ हा प्रश्न पुरुष उमेदवाराला कोणी विचारत नाही.

हे सगळं केंद्राने करावं, असं उत्तर येईल. केंद्रात प्रयत्न झाला होता, आणि तो आपल्याच हिंगोलीच्या खासदाराने केला होता. राजीव सातव यांनी २०१७ मध्ये पितृत्व लाभाचं खासगी विधेयक मांडलं होतं. त्याचा कायदा झाला नाही. सातव २०२१ मध्ये गेले. सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० आली, तीत प्रसूतीचं प्रकरण जवळजवळ जसंच्या तसं आलं, बाप पुन्हा बाहेर राहिला.

मात्र दिल्लीची वाट बघत बसण्याची या राज्याची रीत नाही. प्रसूती लाभाचा देशातला पहिला कायदा मुंबई प्रांताने केला, १९२९ मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी मुंबई विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या विधेयकाच्या बाजूने उभे राहिले होते. केंद्राचा प्रसूती लाभ कायदा आला १९६१ मध्ये. रोजगार हमीचंही तेच : आधी महाराष्ट्र, मग तीसेक वर्षांनी देश. दुकाने व आस्थापना कायदा तर पूर्णपणे राज्याचा आहे, त्यात एक पोटकलम वाढवायला कोणाची परवानगी लागणार नाही. मागच्याच काळात राज्याने १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात वडिलांच्या आधी आईचं नाव लावायचा निर्णय घेतला. माझ्या मुलीच्या दाखल्यावर तसं लागलं आहे आणि मला ते आवडलं. नाव मागे सरकलं, हरकत नाही. काम पुढे सरकू द्या.

मागणी मोठी नाही. पंधरा दिवस, भरपगारी, पहिल्या दोन मुलांसाठी, सहा महिन्यांच्या आत, सलग किंवा तुकड्यांत. माहेरच्या बाळंतपणात तुकडेच उपयोगी पडतात : आठ दिवस जन्माच्या वेळी, आठवडाभर बाळ घरी आल्यावर. मूल दत्तक घेणाऱ्यालाही द्या. तीस वर्षांच्या नोकरीत तीस दिवस, मालकाच्या खिशाला याहून मोठी भोकं आहेत.

कारखान्यातल्यांना दुकाने व आस्थापना कायदा लागू होत नाही, त्यांच्यासाठी केंद्राकडे पाठपुरावा आपल्यालाच करावा लागेल. चाकणवाला त्यात येतो, म्हणून आवर्जून लिहितो. पार्सलवाल्याला रजेचा कोणताच कायदा लागू होत नाही. बांधकाम मजुरांसाठी मात्र आपल्या हातात त्यांचं कल्याणकारी मंडळ आहे. नोंदणीकृत पुरुष कामगाराच्या बायकोच्या प्रसूतीला ते आजही नैसर्गिक असेल तर १५ हजार आणि शस्त्रक्रिया असेल तर २० हजार रुपये देतं. म्हणजे मूल झाल्यावर बापालाही खर्च असतो, हे शासनाने मान्य केलेलं आहे. त्यात पंधरा दिवसांची बुडालेली मजुरी जोडली की तोही प्रश्न सुटतो. आणि जून-डिसेंबरच्या पगारातून आमच्याकडून कामगार कल्याण निधीची जी कपात होते, ती छोट्या आस्थापनांच्या मालकांना या रजेचा भार हलका करायला वापरता येईल का, हे आपले अधिकारी माझ्यापेक्षा चांगलं सांगतील.

प्रसूतिगृहात नवऱ्याला जिन्यातच का बसवतात, तो विषय आरोग्य खात्याचा. त्यांना वेगळं पत्र लिहीन.

एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. नियम कराल तेव्हा अर्जासोबत जन्माचा दाखला सक्तीचा करू नका. जन्मनोंदणीलाच २१ दिवसांची मुदत असते, दाखला हातात येईपर्यंत रजेची गरज संपून जाईल. रुग्णालयाचं डिस्चार्ज कार्ड किंवा माता बाल संरक्षण कार्डाची झेरॉक्स चालवून घ्या. आणि अर्ज मंजूर करायचा अधिकार सुपरवायझरकडे ठेवू नका. रजा कळवायची असावी, मागायची नसावी.

कळावे,

आपला,
पिंपरी-चिंचवडमधला एक बाप
(आणि पार्किंगमधले बाकीचे चौघे)