मोकळ्या प्लॉटचा त्रास शेजाऱ्यांनी किती सोसायचा?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

छत्रपती संभाजीनगरच्या सातारा-देवळाई परिसरातल्या पाण्याबद्दल आणि रस्त्यांबद्दल वर्तमानपत्रांत बरेच छापून येते, आणि ते यायलाच हवे. पण रहिवासी रोज ज्याने हैराण होतात, ते घराघरांच्या मधे वर्षानुवर्षे पडून असलेले मोकळे प्लॉट मात्र कोणाच्या लेखी नाहीत.

२०१४ मध्ये इथे नगर परिषद झाली आणि दुसऱ्याच वर्षी हा भाग महापालिकेत आला. त्याच्या कितीतरी आधीपासून शेतजमिनीचे तुकडे पडत होते. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. कोणी अर्धा गुंठा घेतला, कोणी दोन. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने यातली पुष्कळ बांधकामे नियमित होण्याची वाट मोकळी झाली आणि २०२१ मध्ये ती सवलत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांना वाढवून मिळाली. ज्यांनी कर्ज काढून घर बांधले ते इथे राहायला आले. ज्यांनी भाव वाढेल म्हणून प्लॉट घेतला ते पुण्याला, मुंबईला, नाहीतर गावाकडे राहतात. चार कोपऱ्यांना चार सिमेंटचे खांब रोवायचे, 'हा प्लॉट विकणे नाही' अशी पाटी लावायची, की मालकाचे काम संपले.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी असाच एक प्लॉट आहे. मालकाने बांधकामाला सुरुवात केली, कॉलमचे खड्डे खोदले आणि काम तिथेच थांबले. पुरुषभर खोल खड्डे, एकालाही कठडा नाही. पावसाळ्यात ते तुडुंब भरतात, काठाने गाजर गवत छातीएवढे वाढते आणि खड्डा कुठे आहे हेच दिसेनासे होते. पोरांना खेळायला दुसरी जागा नसल्याने क्रिकेट रस्त्यावरच चालते. चेंडू त्या गवतात गेला की आयांच्या काळजात धस्स होते. एखादे लेकरू दगावल्यावर पंचनामा करायला सगळे येतील. आज एक पत्र्याचे कुंपण तेवढे हवे आहे.

संध्याकाळनंतरची भीती वेगळी. वेडी बाभूळ अशी फोफावली आहे की खांबावर दिवा असूनही उजेड रस्त्यावर पडत नाही. आडोशाला दारू पिणारी टोळकी बसतात, सकाळी बाटल्यांचा खच असतो. क्लासहून येणाऱ्या मुली लांबचा वळसा घालून घरी येतात, आणि घरात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांना कोण पाळत ठेवून बसले आहे याची धास्ती असते. सीसीटीव्ही लावा, असा सल्ला मिळतो. समोर झुडपांचे रान असताना कॅमेऱ्यात दिसणार काय?

डेंग्यूचा डास गटारापेक्षा साचलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि अंड्याचा डास व्हायला जेमतेम आठ-दहा दिवस पुरतात, हे आता शाळकरी मुलांनाही पाठ आहे. टँकरवर भागवणाऱ्या घरांना ड्रम भरून ठेवावेच लागतात. तरीही बायामाणसे आठवड्याला ड्रम घासून कोरडा दिवस पाळतात. शेजारच्या प्लॉटमध्ये फेकलेले टायर आणि नारळाच्या करवंट्या कोणी उपड्या करायच्या?

मला सर्वांत जास्त खुपते ते असे. वाळूज आणि शेंद्र्याच्या कारखान्यांत कामाला जाणारी, लेकरांच्या शिक्षणासाठी परभणी-बीडहून आलेली कुटुंबे एका खोलीसाठी दारोदार फिरतात. त्याच गल्लीत प्लॉट ओस पडलेले असतात. बिडकीनला नवा कारखाना जाहीर झाला की प्लॉटचा भाव वाढतो आणि मालक बांधकाम आणखी लांबवतो.

सगळेच मालक तसे नाहीत, हेही सांगितले पाहिजे. कोणी निवृत्तीच्या पैशातून मुलीसाठी प्लॉट घेऊन ठेवला आहे. परळीच्या अशाच एका गृहस्थांना आमच्या शेजाऱ्यांनी फोन केला, तर त्यांनी आठवड्याच्या आत जेसीबी लावून जागा साफ करून दिली. पण बहुतेकांचा फोन नंबरच कोणाकडे नसतो.

खासगी जागेत सफाई कर्मचारी शिरू शकत नाहीत, हे आम्हाला मान्य आहे. पण मालकाला नोटीस देऊन जागा साफ करायला लावण्याचा आणि त्याने न केल्यास स्वतः काम करून खर्च वसूल करण्याचा अधिकार महापालिकेला कायद्याने दिलेला आहे. मोकळ्या भूखंडाला कर लागतोच, तेव्हा वहीत मालकाचे नाव असते. वर्षातून दोनदा, मृगाच्या आधी आणि दसऱ्यानंतर, प्लॉट साफ झाला नाही तर पंधरा दिवसांची नोटीस द्यावी, मग जेसीबी लावून खर्च त्याच कराच्या खात्यावर चढवावा. थकीत करावर दरमहा दोन टक्के शास्ती लागते, तशी यावरही लागावी. प्लॉट विकायला निघाला की मालक बेबाकी प्रमाणपत्रासाठी, म्हणजे कर थकलेला नाही या दाखल्यासाठी, येणारच, तेव्हा पैसे बुडायचा प्रश्न नाही. उघड्या खड्ड्यांसाठी मात्र पंधरा दिवससुद्धा थांबू नये. कुंपण आधी, वसुली नंतर.

यंदाच्या मृगाआधी देवळाईतल्या एखाद्या वॉर्डापुरते तरी हे सुरू करावे. आपापल्या गल्लीतल्या प्लॉटची यादी करायला आणि मालकांचे नंबर शोधायला कॉलनीतली आम्ही मंडळी तयार आहोत.

आपला विश्वासू,
एक रहिवासी, देवळाई परिसर, छत्रपती संभाजीनगर