हॉटेल नंतर, आधी खोली बघ

प्रिय सई,

तू पाठवलेल्या तिन्ही लिंक उघडून बघितल्या, फोटो झूम करकरून. एक स्वस्तातली साधी खोली, एक चेनचं मधलं हॉटेल आणि एक ते बुटिक, म्हणजे थोड्या खोल्यांचं हौसेने सजवलेलं हॉटेल, ज्याच्या प्रत्येक फोटोत कुणीतरी पुस्तक वाचत बसलंय. यातलं चांगलं कुठलं असं विचारलंस, पण रिसेप्शनला इतकी वर्षं काढल्यावर मला एक पक्कं कळलंय की माणूस म्हणतो हॉटेलात राहिलो, राहतो मात्र खोलीत. एकाच दिवशी एकाच रेटने आलेली दोन जोडपी असायची, एक सकाळी खुशीत खाली यायचं आणि दुसरं भांडायच्या तयारीत, का तर त्यांची खोली लिफ्टला चिकटून आणि रात्रभर ती टिंग टिंग. हॉटेल तेच, स्टाफ तोच, पैसे तेवढेच.

स्टारवर तर फार जाऊच नकोस. अख्ख्या जगाला लागू होईल असा स्टार वाटणारा कुणी एक नाही, प्रत्येक देशाचं आपापलं चालतं. युरोपात २००९ साली हॉटेलस्टार्स युनियन निघाली आणि बऱ्याच देशांनी निकष सारखे केले, पण बाकी ठिकाणी तीन स्टार म्हणजे काय ते तिथे जाऊनच कळतं. दुबईचं बुर्ज अल अरब सात स्टार म्हणून मिरवलं जातं ना, तसा अधिकृत दर्जाच नाहीये! आणि स्टार कशाला मिळतात तर बरेचसे सोयींना, रिसेप्शन किती तास उघडं, लिफ्ट आहे का, खोलीत काय काय ठेवलंय वगैरे. शेजारच्याचं घोरणं भिंतीतून ऐकू येईल का ते स्टारवरून नाही कळत.

स्वस्त म्हणजे वाईट असंही नाही बरं का. फ्रान्समध्ये अकोर कंपनीने १९८५ च्या सुमाराला फॉर्म्युल वन नावाची हॉटेलं काढली, खोली साधारण नऊ चौरस मीटरची, डबल बेड, त्यावर आडवा एक बंक, कोपऱ्यात बेसिन, आणि संडास-बाथरूम बाहेर पॅसेजमध्ये सगळ्यांत मिळून. ऐकायला कसंतरी वाटतं पण चालली ती हॉटेलं, कारण काय कापलंय ते गिऱ्हाइकाला आधीच माहीत होतं. स्वस्त खोलीत हेच शोधायचं, यांनी पैसे नेमके कशात वाचवलेत. टीव्ही नाही, लॉबी नाही, टॉवेल पातळ, हे सगळं चालतं. पण गादी, दाराची कडी, गरम पाणी आणि खिडकी यात वाचवलं असेल तर मग फुकट दिली तरी नको. खिडकीचं तर मुद्दाम बघ. फोटोत नुसता पडदाच दिसतोय, काच कुठेच नाही, म्हणजे पडद्यामागे भिंत असू शकते किंवा खिडकी उघडते ती डक्टमध्ये. तुझ्या त्या पहिल्या लिंकमध्ये सगळ्या फोटोत पडदा लावलेलाच आहे, मला शंका आलीच.

आता बुटिक, कारण मला माहितीय तुझं मन तिथेच अडकलंय. हे प्रकरण गाजलं ते १९८४ साली न्यूयॉर्कच्या मॉर्गन्स हॉटेलपासून, इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल या दोघांनी काढलेलं, त्याआधी लंडनमध्ये ब्लेक्स होतंच. मॉर्गन्सची आतली सजावट आंद्रे पुटमन या बाईंची, बजेट तुटपुंजं म्हणून त्यांनी बाथरूमला साध्या काळ्या-पांढऱ्या टाइल्स लावल्या आणि त्याच जगभर गाजल्या. खरं बुटिक ते हे, खोल्या कमी आणि कुणातरी एका माणसाची नजर सगळीकडे फिरलेली. पण आता कुणीही चार जुन्या खुर्च्या आणि एक निऑनचा बोर्ड लावून बुटिक म्हणवून घेतं, त्यामुळे फोटोत खुर्च्या कमी बघ आणि बाकीचं जास्त बघ. कपडे ठेवायला कपाट आहे की नुसता एक दांडा? जुनी इमारत असेल तर लिफ्ट आहे का? लाकडी जमीन असेल तर वरच्या मजल्यावरची पावलं रात्री डोक्यावर वाजतात. आणि बाथरूमला काचेची भिंत आहे का ते तर शंभर टक्के बघ, तू मैत्रिणींबरोबर चाललीयेस, हनिमूनला नाही! डिझाइनवाल्यांना ही काच का सुचते ते मला आजतागायत कळलेलं नाही.

रिव्ह्यू वाचताना दहापैकी दहावाले आणि शून्यवाले दोन्ही सोडून दे, मधले वाच, सहा-सात मार्क देणारा माणूस शांत डोक्याने लिहितो. गेल्या काही महिन्यांतलेच बघ, कारण मॅनेजमेंट बदललं की हॉटेल बदलतं. एकच तक्रार तीन वेगवेगळ्या लोकांनी केलेली दिसली की ती खरी धर. पाहुण्यांनी स्वतः काढलेले फोटो बघ, हॉटेलवाले वाइड लेन्सने काढतात, त्यात पलंगाभोवती चालायलाही जागा नसलेली खोली हॉल वाटते. आणि मॅपवर आजूबाजूला काय आहे ते बघ, बार आहे, बस स्टँड आहे की बांधकाम. "पाच मिनिटांवर" हे चालत की गाडीने तेही.

मग एक काम कर जे फारसं कुणी करत नाही, हॉटेलला सरळ फोन कर नाहीतर मेल टाक. बुकिंग साइटवाले प्रत्येक बुकिंगमागे हॉटेलकडून पंधरा टक्के किंवा त्याहून जास्त कमिशन घेतात, त्यामुळे डायरेक्ट आलेल्या माणसाला रेट नाही कमी केला तरी नाश्ता किंवा बरी खोली द्यायला आम्हाला काही वाटायचं नाही. नुसतं "चांगली खोली द्या" म्हणू नकोस, त्याचा काही उपयोग नसतो. लिफ्टपासून लांब, रस्त्याच्या मागच्या बाजूला, दोन वेगळे बेड, असं नेमकं लिही. लिफ्टजवळची खोली आम्ही शेवटी काढायचो आणि ती जायची ज्याने काहीच मागितलेलं नाही त्याला. सी व्ह्यू म्हणजे समोर समुद्र की बाल्कनीतून वाकून दिसणारा कोपरा, तेही आत्ताच विचार, तिथे गेल्यावर विचारून काय फायदा.

पैशांचं थोडक्यात. नॉन-रिफंडेबल, म्हणजे रद्द केलं तर पैसे परत न मिळणारं बुकिंग, थोडं स्वस्त असतं पण तुमच्यातल्या एकीची रजा अजून मंजूर नाही, मग कशाला? काही शहरांत टुरिस्ट टॅक्स वेगळा हॉटेलवर भरावा लागतो, कुठे रिसॉर्ट फी म्हणून सोयींचे वेगळे पैसे असतात, म्हणून शेवटच्या पानावरचा आकडा बघूनच तुलना कर. चेक-इनला डिपॉझिट म्हणून कार्डावर रक्कम अडकवतात, डेबिट कार्ड दिलंस तर तेवढे पैसे काही दिवस तुला वापरता येणार नाहीत, तेव्हा क्रेडिट कार्डच दे.

खोलीत गेल्यावर बॅग आधी बाथरूममध्ये ठेव, पलंगावर टाकू नकोस. चादर कोपऱ्यातून उचलून गादीची शिवण बघ, शाईचे बारीक ठिपके असल्यासारखं काही दिसलं तर ढेकूण आहेत, लगेच खाली जाऊन खोली बदलून माग, तीही शेजारची नाही, वेगळ्या मजल्यावरची. पंचतारांकितमध्येही होतं हे, लाजायचं काही नाही.

मला विचारशील तर तुमच्यासाठी मधलं चेनवालं बरं, दिवसभर तुम्ही बाहेरच भटकणार आहात. बुटिकमध्ये जायचंच असेल तर शेवटची एक रात्र जा, उशिरा उठा, त्यांच्या त्या खुर्च्यांवर बसून फोटो काढा आणि निघा. आणि बुकिंग झाल्यावर हॉटेलच्या नावाने "कार्ड व्हेरिफाय करा" असा मेसेज आला, अगदी ॲपमधूनच आला, तरी त्या लिंकला हात लावू नकोस, हॉटेलला फोन करून खरंखोटं कर. रजेचं कळलं की सांग.

तुझी आई