रक्षाताई, एशियाडच्या फुटबॉल टीमचा निर्णय जरा लवकर घ्या ना

रक्षाताई, सप्रेम नमस्कार.

तुम्ही आमच्या रावेरच्या खासदार, त्यात केंद्रात क्रीडा राज्यमंत्री, म्हणून हे पत्र दिल्लीच्या पत्त्यावर न पाठवता इथेच टाकतोय, आपल्या लोकांनीपण वाचावं. विषय एशियाडच्या पुरुष फुटबॉलचा. हसू नका, खान्देशातपण फुटबॉलवेडे आहेत. आमच्याकडे केळी निघालेल्या वावरात पोरं खेळतात, केळीला टेकू द्यायचे बांबू रोवले की झाला गोल, वर नायलॉनची दोरी बांधतात आणि बॉल दोरीच्या वरून गेला का खालून यावरून रोज भांडणं.

तर मुद्दा. 2018 ला जकार्ताला आपली टीम पाठवलीच नाही, का तर आशियात पहिल्या आठात रँकिंग नाही. 2023 ला हांगझोऊच्या वेळी परत तेच, आधी नाही म्हणाले, मग जुलै संपता संपता मंत्रालयाने नियम शिथिल केला. (तुम्ही तेव्हा त्या खात्यात नव्हत्या, मान्य.) पण सप्टेंबरात आयएसएल (आपल्या क्लबांची लीग) तोंडावर, एशियाड फिफाच्या विंडोत (देशाकडून खेळायला राखून ठेवलेल्या तारखांत) बसत नाही म्हणजे क्लबवर प्लेअर सोडायची सक्ती नाही, मग फुकट कोण सोडतं भो? यादी शेवटपर्यंत बदलत राहिली, टीम आदल्या दिवशी चीनमध्ये उतरली आणि 19 सप्टेंबरला मॅच थेट चीनशीच. हाफटाइमला 1-1 होतं ताई! राहुल केपीने काय अँगलवरून हाणला होता तो गोल. मग पोरांच्या पायातलं बळच गेलं, 5-1. तरी बांगलादेशला हरवून, म्यानमारशी बरोबरी करून नॉकआउट गाठलं, तिथे सौदीने 2-0 ने काढलं.

आणि दोन्ही वेळा रँकिंग बघितलं ते सिनियर टीमचं. एशियाडला 2002 पासून तेवीस वर्षांखालची टीम खेळते, सोबत मोठे फक्त तीन (हांगझोऊ वर्षभर पुढे ढकललं म्हणून तिथे चोवीस केलं होतं). थोरल्याच्या मार्कशीटवर धाकट्याला नापास करायचं, असा प्रकार झाला हा.

1951 ला दिल्लीत इराणला 1-0, 1962 ला जकार्तात कोरियाला 2-1 हरवून आपण गोल्ड आणलंय, आपले डिफेंडर जर्नेलसिंग तर डोक्याला टाके असताना फॉरवर्डला खेळले आणि फायनलला गोलपण मारला. 1970 ला ब्राँझ, नंतर काही नाही. आज आपण मेडलच्या जवळपासपण नाही हे मलापण दिसतं, त्यामुळे गोल्ड आणा वगैरे मागणी नाहीच.

नाही पाठवायची तर नका पाठवू, पण वर्षभर आधी सांगा. पाठवायची तर तेवीसखालच्या टीमचे निकाल बघून ठरवा, आणि क्लबवाले, फेडरेशन यांना समोर बसवून प्लेअर कोणत्या तारखेला सोडणार ते लिहून घ्या. 2026 चं नागोयाचं एशियाड असो नाहीतर 2030 चं दोहा, तारखा तर कितीतरी आधीच माहिती असतात ना?

उत्तर रावेरच्या दौऱ्यात तोंडी दिलं तरी चालेल.

तुमच्याच मतदारसंघातला एक फुटबॉलवेडा