चाकांवरची ॲक्सेल

संपादक महोदय,
बेळगावात बर्फ पडत नाही. तरी बर्फावरच्या फिगर स्केटिंगमधली ॲक्सेल उडी चार चाकांच्या स्केटवरही शिकता येते. नॉर्वेचे स्केटर ॲक्सेल पॉल्सन यांनी ती १८८२ साली व्हिएन्नात दाखवली. उडी घ्यायची पुढे तोंड करून, उतरायचे पाठमोरे. म्हणून एकेरी उडीतही दीड गिरकी होते. मुले खांदे घाईने आधीच फिरवतात. मग उंची मिळत नाही, गिरकी अर्धवट राहते आणि गुडघा मुरगळतो. आधी साध्या बुटांवर, जमिनीवर उतरण्याचा सराव करून घ्यावा, ही कळकळीची विनंती.

आपल्याकडच्या पावसात स्केटच्या एका जोडीतली १६ बेअरिंग (चाके सहज फिरू देणारी गोळ्यांची कडी) लवकर गंजतात. ओले स्केट पिशवीत कोंबू नयेत. चाके काढून पुसावीत, वाळवावीत, बेअरिंगला तेलाचा एकच थेंब द्यावा. जास्त तेलाला धूळ चिकटते.

– एक स्केटिंग प्रशिक्षक, टिळकवाडी, बेळगाव